ठोकळ्यावरची चिकटपट्टी

त्या घरातल्या माणसांचे हात तोंडाच्या आधी चालायचे. भांडण जुंपलंय हे शेजाऱ्यांना शब्दांवरून कळत नसे, वस्तू आपटल्याच्या आवाजावरून कळे. आणि आपटाआपट एकदम थांबली, की आता वस्तूंऐवजी माणूस हाताला लागला असणार असं समजून ते आपापल्या खिडक्या लावून घ्यायचे. मध्ये पडायला कुणी येत नसे. एकदा समोरचा शिंपी आला होता, त्याचा चष्मा फुटला, नाकाला टाके पडले, आणि तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला.

खाली सुतारीचा कारखाना आणि वर राहायच्या दोन खोल्या. कारखाना म्हाताऱ्याने उभा केलेला. म्हातारा कारागीर म्हणून अव्वल आणि नवरा म्हणून, बाप म्हणून, नुसता कहर. रंधा जितका हलका फिरवायचा तितकाच माणसावर हात जड टाकायचा. तो गेला तेव्हा आई चारचौघांत रडली आणि मनातल्या मनात म्हणाली, सुटले बाई. पण सुटते कुठली? म्हातारा गेला, त्याचा हात मागे राहिला, आणि तो थोरल्याच्या खांद्याला येऊन चिकटला.

थोरला अंगाने दांडगा आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या हाताखाली कुणी टिकलं नाही. पॉलिशवाल्याचे पुढचे दात त्याने पाडले, तेव्हापासून पॉलिश आईच्या गळ्यात पडलं. बायको एका सकाळी माहेरी गेली ती परत आलीच नाही, आणि सून शहाणी निघाली असं आईचं स्पष्ट मत होतं. फक्त ती ते बोलून दाखवत नसे. उरला धाकटा. त्याच्या भुवईवर पटाशीचा वण होता आणि डाव्या हाताची करंगळी नीट मिटत नव्हती. दोन्ही थोरल्याची देणगी. पण पोरगं हसून बोलायचं. मार खाल्ल्यावरही हसून बोलायचं, आणि थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती नेमकी त्या हसण्याने.

आईकडे या सगळ्यावर एकच औषध होतं, ते म्हणजे खोटं बोलणं. पोरं लहान असल्यापासून घरात जे काही फुटे, सांडे, हरवे, ते आईनेच फोडलेलं, सांडलेलं, हरवलेलं असे. माझ्याच हातून झालं, माझं लक्ष नव्हतं. एवढं म्हणून ती पुढे व्हायची, मार तिला पडायचा आणि पोरं वाचायची. थोरल्याने एकदा बापाच्या आवडत्या रंध्याचं पातं मोडलं, तेव्हाही ती अशीच पुढे झाली, आणि म्हाताऱ्याने तिचं मनगट दाराच्या फटीत धरून दार लोटलं. ते मनगट वाकडंच सांधलं. थोरला त्या वेळी कपाटाआड उभा राहून सगळं बघत होता. आपली आई खोटं बोलताना कशी दिसते, आवाज कसा लावते, नजर कुठे ठेवते, हे त्याच्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता तिची एकच इच्छा उरली होती. धाकट्याला इथून बाहेर काढायचं, आणि तेही दोन्ही हातांनी धड असताना. तिचा भाऊ, म्हणजे पोरांचा मामा, दुसऱ्या गावात एका मोठ्या फर्निचर फॅक्टरीत मुकादम होता. थोरल्याच्या अपरोक्ष तिने भावाशी बोलून सगळं जमवलं होतं. सोमवारी धाकट्याने तिकडे हजर व्हायचं, त्यांच्यासमोर मशीनवर काम करून दाखवायचं, हात बघून ते घेणार. कपड्यांची पिशवी तिने पलंगाखाली लपवून ठेवली होती. थोरल्यालाही तिनेच जन्म दिला होता, त्याच्यावरही तिचा जीव होता, पण त्याच्या हातून धाकटा एक दिवस जिवानिशी जाईल ही धास्ती तिला झोपू देत नव्हती.

कारखान्यात तेव्हा डॉक्टरीणबाईंचं काम चाललं होतं. बाईंच्या वडिलांचं घर पाडलं गेलं, तेव्हा त्यांनी आतल्या जिन्याच्या लाकडी पायऱ्या तेवढ्या सोडवून आणल्या आणि याचं पुस्तकांचं कपाट करून द्या म्हणाल्या. लाकूड काळसर, वाळून हाडासारखं झालेलं, जागोजागी जुन्या खिळ्यांची भोकं. लहानपणी याच पायऱ्यांवर बसून मी अभ्यास केला, एक फळी बिघडली तर दुसरी आणणार कुठून, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. थोरल्याने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

कपाटाच्या दोन उभ्या बाजूंना आडव्या खाचा पाडायच्या आणि त्यांत शेल्फाच्या फळ्या सरकवायच्या, असं ते काम. खाच रुंद झाली तर फळी डुगडुगते, अरुंद झाली तर आत शिरत नाही. म्हणून धाकट्याने एक साचा बनवला होता. दोन सरळ दांडे, एक पक्का आणि एक सरकता. दोघांच्या मध्ये शेल्फाच्याच लाकडाचा ठोकळा धरायचा, सरकता दांडा त्याला टेकवायचा, स्क्रू आवळायचे आणि ठोकळा काढून घ्यायचा. मग दांड्यांवर राउटर, म्हणजे खाच पाडायचं विजेचं हत्यार, ठेवून चालवायचा. पातं दोन्ही दांड्यांच्या कडेकडेने फिरतं आणि खाच पडते ती बरोबर ठोकळ्याएवढी. फूटपट्टी नको, पेन्सिल नको. दोन्ही बाजू शेजारीशेजारी आवळून ठेवल्या की एकाच फेरीत दोन्हींवर खाच पडते, त्यामुळे शेल्फ तिरकं बसायचा प्रश्नच येत नाही.

त्यात धाकट्याची एक बारीकशी खुबी होती. शेल्फांवर आई आधीच पॉलिशचे हात देऊन ठेवायची, त्यामुळे फळी केसभर जाड व्हायची. तेवढी जागा सुटावी म्हणून त्याने ठोकळ्याच्या एका अंगाला चिकटपट्टी लावली होती. तपकिरी, लाकडाच्याच रंगाची. मुद्दाम बघितल्याशिवाय दिसायची नाही. थोरल्याला ती ठाऊक होती. आईला नव्हती.

शनिवारी सकाळी आईने कारखाना झाडायला काढला. साचा, दांडे, क्लॅम्प सगळ्यांवर सरस आणि भुसा मिळून खपल्या धरल्या होत्या. पोरगं परवा जाणार, त्याच्या मागे त्याच्या वस्तू तरी चांगल्या राहाव्यात, असं काहीतरी तिच्या मनात आलं. तिने एकेक वस्तू घेऊन चाकूने खरवडली आणि टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली. ठोकळ्यावर कडा सुटलेलं, मळलेलं काहीतरी होतं, तेही तिने नखाने उचकटून ओढून काढलं. ठोकळा लख्ख झाला. तिला बरं वाटलं.

दुपारी मामाचा फोन आला आणि तो नेमका थोरल्याने उचलला. मामा बिचारा सरळ माणूस. सोमवारी पोराला स्टेशनवर घ्यायला कोण येणार तेवढं सांगितलं आणि ठेवून दिला. थोरला तडक जिन्यावरून खाली आला. धाकटा राउटरला पातं लावत होता. थोरल्याने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याला इतक्या जोरात ढकललं की तो फळ्यांच्या थप्पीवर जाऊन पडला. डॉक्टरीणबाईंच्या लाकडाला आता तू हात लावायचा नाहीस, तुला जायचंय ना, जा, असं तो म्हणाला आणि कामाला लागला.

त्याने दोन्ही बाजू शेजारीशेजारी आवळल्या, साच्यात ठोकळा धरला, स्क्रू आवळले. म्हाताऱ्याच्या वेळेपासून त्या कारखान्यात एक शिरस्ता होता, पहिली खाच कधी खऱ्या लाकडावर पाडायची नाही, आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून फळी सरकवून बघायची. धाकट्याने कोपर चोळत तेवढंच सुचवलं. आता मला तू शिकवणार का, असं म्हणून थोरल्याने राउटर सुरू केला. राउटरची किंकाळी कारखान्यात घुमली. त्या जुन्या लाकडातून काळा भुसा कारंज्यासारखा उडत होता आणि थोरला दात आवळून हत्यार रेटत होता. एकामागून एक सगळ्या खाचा त्याने पाडून टाकल्या, एकदाही न थांबता, एकही फळी लावून न बघता. राग माणसाला घाई करायला लावतो, आणि घाईत त्याने आपल्याच बापाचा शिरस्ता मोडला.

मग त्याने एक बाजू उभी करून पहिलं शेल्फ खाचेत घातलं. ते शिरेना.

केसभराचा प्रश्न होता. रंध्याचे दोन हात मारले असते तर फळी लोण्यासारखी सरकली असती, आणि धाकटा नेमकं तेच बोलला. चांगल्या मनाने बोलला, पण सवयीने हसून बोलला. थोरल्याने लाकडी हातोडा घेतला आणि फळीवर घाव घातला. फळी थोडी शिरली आणि अडकली. त्याने पुन्हा घातला. लाकूड विव्हळल्यासारखं करकरलं. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, तिने अरे पुरे म्हटलं, आणि त्या पुरेवर त्याने सगळा जोर लावून तिसरा घाव घातला. खाचेजवळच्या खिळ्याच्या भोकातून चीर निघाली आणि फाटत फाटत थेट खालच्या टोकापर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंच्या जिन्याची फळी उभी दुभंगून दोन्हीकडे पडली.

थोरला चिरलेल्या फळीकडे बघत राहिला. मग त्याची नजर ठोकळ्यावर गेली. त्याने तो उचलला, चारी अंगांवरून अंगठा फिरवला, उजेडात धरला.

"पट्टी कुठाय?" त्याने विचारलं.

धाकट्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचं हसू मावळलं. मला माहीत नाही दादा, काल तर होती, असं तो म्हणाला. ते पुरं व्हायच्या आत थोरल्याने हातोडा घातला. धाकट्याने मान वळवली म्हणून डोकं वाचलं, घाव डाव्या खांद्याजवळ बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज आईला जिन्यापर्यंत ऐकू आला. त्याचा डावा हात दोरी तुटल्यासारखा खाली लोंबला.

या वेळी मात्र धाकटा नुसता मार खात राहिला नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं वर आलं असावं. उजव्या हाताला लागेल ते फळकूट उचलून त्याने थोरल्याच्या तोंडावर फटका मारला, ओठ फुटला, पुन्हा मारला, कान फाटला. थोरला क्षणभर चकित झाला. मग आनंद झाल्यासारखा धावून गेला. दोघे कामाच्या टेबलावर आपटले, तिथून जमिनीवर, आणि भुशात लोळत एकमेकांना बुकलायला लागले. पटाश्यांची फळी खाली आली. सरसाचा डबा लवंडला. धाकटा मोडक्या खांद्याने किंचाळत होता तरी चावत होता, नखं मारत होता, पण अंगाच्या आणि जोराच्या हिशेबात तो थोरल्याच्या निम्मासुद्धा नव्हता. थोरल्याने त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि ठोशांवर ठोसे घातले. धाकट्याचं तोंड ओळखू येईना.

आई मध्ये घुसली. थोरल्याचा दंड दोन्ही हातांनी धरून लोंबकळली.

"अरे, मी काढली ती पट्टी. मी. सकाळी साफ करताना काढली."

थोरला थांबला. तिच्याकडे बघून तो रक्ताळलेल्या तोंडाने हसला. खरंखुरं, मायेने हसला, आणि म्हणून ते अंगावर काटा आणणारं होतं.

"आलीस? मी म्हणतच होतो, अजून कशी नाही आली. माझ्याच हातून झालं, माझं लक्ष नव्हतं. हेच ना? बाबांना फसवलंस तू, आई. मी कपाटाआडून बघत होतो, मला नको फसवू."

त्याने कोपराने तिला झटकलं, ती भिंतीवर जाऊन आदळली. जिवाच्या आकांताने ती सांगत राहिली. चाकूने खरवडलं, टर्पेंटाइनने पुसलं, पट्टीची कड सुटलेली होती. जितकं तपशीलवार सांगावं तितकं ते जास्त खोटं वाटत होतं, हे तिचं तिलाच ऐकू येत होतं. आवाज तोच, थरथर तीच, नजरही तशीच खाली जात होती. आयुष्यभर ती खोटं इतकं मन लावून बोलली होती, की खऱ्यासाठी वेगळा आवाज तिच्यापाशी शिल्लकच नव्हता.

मग तिला कचऱ्याच्या पोत्याची आठवण झाली. तिने ते उपडं केलं. भुसा, ढलप्या, बोळे चिवडून चिवडून तिने ती शोधून काढली. गोळा झालेली, टर्पेंटाइनने ओली, एवढीशी चिकटपट्टी. तळहातावर घेऊन ती थोरल्यासमोर नाचवली. त्याने बघितलीसुद्धा.

"त्याने टाकलेली तू उचलून आणलीस," तो शांतपणे म्हणाला. "जायच्या आधी माझी वाट लावून जायचं होतं त्याला. त्याचा ठोकळा, त्याची पट्टी, त्याचा साचा. मी खाचा पाडणार हे कळलं आणि काढून टाकली."

खरं तर त्याने आधी तुकड्यावर खाच पाडली असती तर काही झालं नसतं. रंधा मारला असता तरी झालं नसतं. हातोडा त्याचा, घाव त्याचा, शब्द दिलेला तोही त्याने. हे त्यालाही आतून कळत असणार, नाहीतर इतका पेटला नसता. स्वतःची चूक गिळण्यापेक्षा त्याला भाऊ गिळणं सोपं होतं.

त्याने धाकट्याला काखेत धरून उचललं आणि टेबलावर पालथं घातलं. उजवा हात ओढून साच्याच्या दोन दांड्यांमध्ये आडवा टाकला, सरकता दांडा हाताला भिडवला आणि स्क्रू आवळला. दांड्यांमध्ये जे धरावं ते हलत नाही, तो साचा होताच तसा. धाकट्याने सुटायला हिसडा मारला, त्याच्याच मनगटाची कातडी सोलली गेली. आपण एवढ्या निगुतीने बनवलेली वस्तू किती पक्की आहे हे त्याला कळलं असेल. थोरल्याने राउटर उचलून दांड्यांवर ठेवला, बरोबर हाताच्या पंजावर, आणि बटण दाबलं.

पातं वर होतं, स्प्रिंगवर तोललेलं. दोन्ही मुठी खाली रेटल्या की ते उतरणार. एवढंच बाकी होतं.

आई भिंतीकडे पळाली, वायर उपटायला. थोरल्याने न बघता ओरडून सांगितलं की वायरला हात लावलास तर दाबतो. ती जागच्या जागी थिजली. त्या किंकाळीत त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं.

"पट्टी तूच काढलीस. म्हण."

धाकट्याने मान हलवली, नाही. त्याच्या तोंडातून रक्ताचा फेस येत होता, पण मान नाहीच म्हणत होती. थोरल्याने मुठी जरा रेटल्या. बाहीचं कापड पात्यात गेलं आणि चिंध्या उडाल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मुठी आणखी जराशा खाली गेल्या, आणि मधल्या बोटाच्या पेरावरची कातडी फुलासारखी उकलली. रक्ताचे बारीक थेंब दांड्यांवर, थोरल्याच्या शर्टावर, वर दिव्यावरसुद्धा उडाले. धाकटा ओरडला, पण राउटरपुढे त्याचा आवाज ऐकू आला नाही. नुसतं तोंड उघडलेलं दिसलं.

आईच्या डोक्यात त्या क्षणी लख्ख उजेड पडला. तिचं खरं इथे कुणी घेणार नव्हतं. थोरल्याला खरं नको होतं, त्याला फक्त त्याला हवं ते ऐकायचं होतं. ते त्याला एकच माणूस ऐकवू शकत होता. ती टेबलाला वळसा घालून धाकट्याच्या तोंडासमोर आली, गुडघ्यांवर बसली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याचा एक डोळा मिटलेला होता, दुसरा तिच्याकडे बघत होता.

"हो म्हण," ती म्हणाली. "माझ्या राजा, हो म्हण."

त्याला ठाऊक होतं. मघापासून तिने जे सांगितलं ते खरं होतं हे त्या घरात एका त्यालाच कळलं होतं, कारण आपण काढली नाही हे त्याला माहीत होतं. तिचा गुन्हा ती आता त्याला घ्यायला सांगत होती. तो डोळा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्यात राग असता तर तिला सोसलं असतं.

"हो," तो म्हणाला. थोरल्याने पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावलं. "हो. मीच काढली."

"का?"

"तुझं नाक कापायला."

थोरल्याने बटण बंद केलं. किंकाळी हळूहळू उतरत गेली आणि पातं थांबलं. त्याने राउटर बाजूला ठेवला, स्क्रू सैल केला, आणि धाकट्याचा हात, आता अगदी जपून, दांड्यांतून बाहेर काढून दिला. बोटं पाचही होती. मधल्या बोटाच्या पेरावर हाड दिसत होतं, पण बोटं पाचही होती आणि हलत होती. आईने ती मोजली नाहीत, नुसती डोळ्यांनी एकेक शिवून घेतली.

तू माझा भाऊ नाहीस, या उंबऱ्याच्या आत पुन्हा दिसलास तर या वेळी थांबणार नाही, असं थोरल्याने सांगितलं. आवाज चढवून नाही, भाव सांगावा तसं सांगितलं. आईने वर जाऊन पिशवी आणली. पंजाला पॉलिशचं स्वच्छ फडकं गुंडाळलं, खांद्याला आपल्या ओढणीची झोळी बांधून दिली, आणि दवाखान्यात जाऊन मगच स्टेशनवर जा, सोमवारची वाट बघू नकोस, आज रात्रीचीच गाडी धर, मामाला सगळं सांगू नकोस, असं कायकाय बोलत राहिली. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. दारात त्याने पिशवी धड खांद्यावर सावरली.

"जातो," तो म्हणाला.

घराबाहेर पडताना येतो म्हणायचं असतं, जातो कुणी म्हणत नाही. म्हाताऱ्याचा मार खाऊन पळून जातानासुद्धा तो लहानपणी येतो म्हणून गेला होता. आईला वाटलं त्याला हाक मारावी, एकदा तरी येतो म्हणवून घ्यावं. पण मागे थोरला उभा होता. ती दारातच थांबली, आणि शिंप्याची खिडकी उघडली, धाकट्याला बघून लगेच मिटली, ते बघत राहिली.

आत आली तेव्हा थोरला जमिनीवर, त्या दुभंगलेल्या फळीशेजारी, पाय पसरून बसला होता. फुटल्या ओठातून रक्त गळत होतं. तिने पाणी आणलं, फडकं भिजवलं, त्याचं तोंड पुसायला बसली. तिला दुसरं काही सुचलं नाही. आयुष्यभर तिने मारणाऱ्यांचीही तोंडं अशीच पुसली होती. राग उतरला की म्हातारा जसा मऊ व्हायचा तसाच तोही मऊ झाला होता. त्याने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि रडायला लागला. बाईंना मी काय सांगू, म्हणाला. सख्ख्या भावाने असं करावं का, म्हणाला.

मग रडणं थांबवून त्याने मान वर केली. डोळे ओले होते, पण ते तिच्या तोंडावर खिळले होते, कपाटाआडून बघायचे तसेच.

"तू मघाशी खोटंच बोलत होतीस ना, आई?"

राउटरची वायर अजून भिंतीतच होती. पण तिने हो म्हटलं ते त्या भीतीने नाही. नाही म्हटलं असतं, तर अजून त्यालाच पाठीशी घालते म्हणून हा पुन्हा पेटला असता आणि उठून स्टेशनकडे गेला असता. गाडीला अजून अवकाश होता.

"हो," आई म्हणाली. "खोटं बोलत होते."

"मला माहीत होतं," तो म्हणाला, आणि समाधानाने पुन्हा डोकं टेकलं. यापुढे माझ्याशी तरी खरं बोलत जा, असंही म्हणाला. ती बरं म्हणाली. सगळ्यांचं पोटात घालता घालता तिचं स्वतःचं तेवढं एकच खरं होतं, आणि ते तिने पोराच्या पिशवीत घालून पाठवून दिलं होतं. ते त्याला आता जन्मभर वागवायचं होतं. तिला ओरडून रडावंसं वाटत होतं. तिने वाकड्या मनगटाने थोरल्याच्या केसांतला भुसा झाडायला घेतला, आणि गाडी सुटायची वाट बघत बसली.